सामान बघायला आलेला माणूस

आज सकाळी दारात टेप घेऊन एक माणूस उभा. "मॅडम, पुण्याला शिफ्टिंग आहे ना? सामान बघायला आलोय."

नवऱ्याला तिकडे नोकरी लागली, एवढंच मला माहीत होतं. बिऱ्हाड हलवायचं ठरलंय, हे या माणसाकडून कळलं!

फोन लावला तर साहेब म्हणतात, "अगं, संध्याकाळी सांगणारच होतो."

तेवढ्यात त्या माणसाने गॅलरीतलं मोठं पातेलं दाखवलं. "हे पण न्यायचं?"

"हात लावू नका. कुरडयांचे गहू भिजत घातलेत. परवा कॉलनीतल्या बायका येणार आहेत. वर्षभराच्या कुरडया करतेय, आणि तळणारही नाशिकमध्येच."

त्याला चहा पाजून परत पाठवलं. माझी इथली, नाशिकजवळच्या ओझरची नोकरी मी सोडणार नाही. साहेबांनी खुशाल शनिवार-रविवार यावं.

मैत्रिणींनो, तुमच्या घरी विचारतात, की नुसतं कळवतात? मला तर कळवायलाही परका माणूस आला.