अस्वलाची भिंत

कलेची कदर करणारी माणसं अजून जगात आहेत, याचा पुरावा म्हणून कोपरखैरण्यातल्या आमच्या सोसायटीकडे बोट दाखवता येईल. सोसायटीने ती कदर ऑइलपेंटने केली.

निमाताई दुसऱ्या मजल्यावर राहत. लहान मुलांची चित्रांची पुस्तकं त्या स्वतः लिहीत आणि स्वतःच रंगवत. मोजकी पानं, पानाला एखादीच ओळ. गोड पुस्तकांबद्दल मला पहिल्यापासून संशय आहे. पण ताईंचं पुस्तक मिटलं की कुणाशी तरी नीट बोलावं असं वाटे, आणि ते संध्याकाळपर्यंत टिके. माझ्या बाबतीत हे पुष्कळच.

भाजीवाली असो की पोस्टमन, कुणाचेही नाकडोळे पुस्तकात घेण्याआधी ताई ते चित्र त्याला नेऊन दाखवत. "चेहरा उसना आणलेला असतो," म्हणत. "मालकाला विचारायला नको?" कुणी नको म्हटलं तर चित्र तिथेच फाडत, आणि अवघडलेल्या माणसाकडे चहा मागत.

आमचे वॉचमन बबनराव साताऱ्याकडचे. त्यांचे डोळे आणि माकडटोपी ताईंनी एका अस्वलाला दिली. हे अस्वल रात्रभर जंगल राखतं आणि सकाळी खुर्चीतच झोपतं. त्याची झोप मोडू नये म्हणून हत्तीसकट सगळे पायांना गवत बांधून चालतात. बबनरावांनी चित्र बराच वेळ पाहिलं आणि "घ्या की, ताई," एवढंच म्हणाले.

पुढे सोसायटीच्या वर्धापनदिनाला ताईंचा सत्कार करायचं ठरलं. शाल-श्रीफळ सगळेच देतात, म्हणून आम्ही एकमताने, ताईंना न कळवता, गेटशेजारच्या भिंतीवर त्या पुस्तकाचं मुखपृष्ठ रंगवून घेतलं. मुखपृष्ठावर हत्ती नव्हता, गवत नव्हतं. फक्त खुर्ची, माकडटोपी आणि झोप. अध्यक्षांनी पडदा ओढला, टाळ्या झाल्या. चित्राच्या शेजारी, त्याच टोपीत, बबनराव उभे होते.

आठवड्याभरात त्यांचं नाव अस्वल पडलं. रिक्षावाले, दूधवाले, आमची मुलं, सगळे "ए अस्वल, ऊठ, गेट खोल" म्हणू लागले. गॅलरीतून आम्हीही हसत होतो.

बबनरावांनी तक्रार केली नाही. ताईंनीच खोदून विचारलं, तेव्हा टोपी हातात घेऊन ते म्हणाले, "पुस्तकात मी झोपलो की समदी दबकत चालत्यात, ताई. हितं हॉर्न मारत्यात."

ताईंनी भिंत पुसायची विनंती केली. अध्यक्षांनी त्यांना समजावलं की हा सन्मान आहे, आणि सन्मान असा परत करता येत नाही.

रविवारी सकाळी साठीच्या ताई पदर खोचून, स्टुलावर चढून भिंतीला पांढरा रंग देत होत्या. गॅलऱ्या भरल्या होत्या. स्टूल बबनरावांनी धरलं होतं. मी चहा संपवून खाली गेलो, तोवर टोपीचा गोंडा तेवढा उरला होता. म्हणालो, "ताई, आम्ही कौतुकानं केलं होतं."

"माहीत आहे," त्या म्हणाल्या. "पण कौतुक करतानाही विचारावं लागतं हो."

त्यांनी ब्रश माझ्या हातात द्यावा असं मला फार वाटत होतं. त्यांनी दिला नाही.

चित्र गेलं, नाव राहिलं. वर्षभरात बबनराव तळोज्याच्या एका कारखान्यावर गेले. ताईंच्या त्यानंतरच्या पुस्तकांत सगळी माणसं आणि सगळी जनावरं पाठमोरी आहेत. जाणकारांनी त्याला शैली म्हटलं.

ताई वारल्या, तेव्हा सोसायटीच्या सभेत अध्यक्षांनी सुचवलं की त्याच भिंतीवर ताईंचा हसरा चेहरा रंगवून घ्यावा. भराभर हात वर गेले. मी विरोध केला नाही. हात तेवढा मांडीवर ठेवला.

भिंत अजून पांढरी आहे. त्या दिवशी सभेला कोरम नव्हता.