व्हरांड्यातली चित्रशाळा

शाळेत जन्मभर चित्रकला शिकवली, पण सांगण्यासारखे किस्से जमले ते दवाखान्याच्या व्हरांड्यात. चहाला चार लोक बसले की एकेक आपोआप बाहेर पडतो!

नव्वदच्या आसपास परतूरला मनाच्या आजारांचे एक डॉक्टर होते. औषधासोबत पेशंटला रंग द्यायचे. वर्ग बाजाराच्या दिवशी भरायचा, म्हणजे खेड्यातून आलेल्याला ‘कुठं चाललास?’ असं कोणी विचारत नसे. मला बोलावलं आणि अट घातली, “सर, कोणाचं चित्र सुधारायचं नाही!”

ड्रॉइंगच्या मास्तराला असं सांगतात का कोणी!

*

आष्टीचे एक गृहस्थ घरी ‘दारू सोडायच्या औषधाला जातो’ असं सांगून यायचे. आयुष्यात थेंब घेतला नव्हता. मी विचारलं तर म्हणाले, “मंग काय सांगू? ह्या वयात फुलं रंगवून राह्यलो म्हणून? सासुरवाडीत तोंड दाखवता येणार न्हाई!”

काही दिवसांनी त्यांची बायको पेढे घेऊन आली. नवऱ्याची दारू सुटली म्हणून!

*

सोजरबाईंची झोप लेकीच्या लग्नानंतर उडालेली. पहिल्याच दिवशी त्यांनी अख्खा कागद काळा केला. डॉक्टर गंभीर झाले. “बाई, मनात अंधार दाटलाय का?”

“न्हाई हो साहेब, तवा हाये. भाकर पुढच्या बाजारी काढते!”

पुढच्या बाजारी भाकर निघाली. लेकीला आवडायची तशी, एका बाजूनं करपलेली. सोजरबाई पोटभर रडल्या. मलाही आवरलं नाही.

*

आता किसनआबांचं ऐका. पोळ्याला गावातल्या निम्म्या बैलांची शिंगं आबाच रंगवायचे. लकव्यात उजवा हात गेला आणि आबांनी गोठ्याकडे पाठ फिरवली. “दुसऱ्यानं रंगवलेली शिंगं मी बघणार न्हाई. पोळ्याआधी जोडी इकून टाका,” असा एकच धोशा. वासरं असल्यापासून वाढवलेली जोडी ती! मुलगा रामा अगदी हवालदिल झाला आणि त्यांना डॉक्टरांकडे घेऊन आला.

आबा व्हरांड्यात नुसते बसून असत. एकदा शेजारी सोजरबाईंनी बैल काढला, शिंगं कोरीच ठेवली. आबांना राहवेना. डाव्या हातात ब्रश घेऊन त्यांनी पट्टा ओढला. पार नागमोडी! माझा हात शिवशिवला, पण डॉक्टरांनी मनगट धरलं.

आबा स्वतःवरच चिडले, “हॅट्!” म्हणाले आणि दुसरा कागद मागितला.

पोळ्यापर्यंत त्यांनी शिंगंच शिंगं रंगवली. पट्टा काही सरळ झाला नाही. तरी पोळ्याच्या सकाळी जोडी अंगणात बांधायला लावली आणि डाव्या हातानं रंगवली. येणारेजाणारे थांबून बघत होते. मग मात्र अडून बसले. “तुमी बैल घेऊन जा. मी येणार न्हाई. लोक हसतेत.”

मी त्या दिवशी मुद्दाम गावात गेलो होतो. रामानं आणि मी दोन्हीकडून धरून आबांना मारुतीच्या पारापर्यंत नेलं. तोरणाखाली गावचे सगळे बैल ओळीनं उभे होते. एकाच्याही शिंगावर सरळ पट्टा नव्हता.

आबांनी ओळीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत एकेक शिंग न्याहाळलं.

“रामा, सगळ्या गावाला लकवा झाला का काय रे?”