चौथ्या चाकाला एक हात

गाडी दोनच माणसांची, आणि त्यातलं एक माणूस बसायला तयार नव्हतं. चक्रमचं सगळं दुःख एवढंच.

चक्रम म्हणजे लेथवर उभा जन्म काढलेला माणूस. आयुष्यभर लोखंड गोल केलं म्हणून असेल किंवा स्वभावामुळे असेल, हे नाव त्याला चिकटलं ते चिकटलंच. काम सुटल्यावर त्याने एक जुनी स्पोर्ट्स कार घरी आणली. लाल, बुटकी, दबा धरून बसलेल्या मांजरीसारखी. पण आधीच्या मालकाने तिला बाजारातली झगझगीत चाकं बसवली होती, तीन एका जातीची आणि चौथं भलतंच.

बायको दारातूनच म्हणाली, "पायात एक चप्पल नि एक बूट घालून कोणी हिंडतं का? चारही सारखी झाल्याशिवाय मी शेजारी बसायची नाही."

मग चक्रम त्या गाडीची कंपनीची चाकं शोधत जुन्या मालाच्या गोदामात पोचला. तिथे चार-चार चाकांचे दोन संच निघाले. एक चकचकीत, रुंद आऱ्यांचा. दुसरा कळकट, बारीक आऱ्यांचा. दुकानदार चकचकीत संच पुढे सरकवत होता. चक्रमने मात्र एकेक चाक दोरीला टांगून लाकडी दांडक्याने टकटक केली.

"काका, चाक घेताय की तबला?"

चकचकीतांतलं एक बद्द वाजलं. म्हणजे आत तडा. कळकट चारही लांब, स्वच्छ वाजली. चक्रमने तीच उचलली.

अंगणात काम रंगलं. जुना रंग उतरला, फुटपाथला घासून पडलेले ओरखडे बुजले, अस्तर चढलं, मग चंदेरी रंगाचे पातळ थर. प्रत्येक थर वाळेपर्यंत चक्रम मांडी घालून त्याच्याकडे बघत बसायचा, दूध उतू जाईल की काय अशा नजरेने. तीन चाकं झाली. चौथं अस्तरावर असताना वरून चकाकीसाठी द्यायचं लॅकर संपलं. दुकानाकडे निघता निघता तो ओरडला, "चौथ्याला एक हात मारून ठेव गं!"

त्याच्या मनात होता पॉलिश पेपरचा हात. बायको त्या वेळी खिडकी रंगवत होती, आणि तिच्या हातात होता ब्रश.

तो परतला तेव्हा चौथं चाक पोपटी झालं होतं.

"अगं, हे काय!"

"मारला हात. तुम्हीच म्हणालात."

"पेपरचा हात गं!"

"पेपरला कुठला आलाय हात?"

चक्रमने कपाळावर हात मारला. "उद्या खरवडून काढतो."

ती मात्र मान तिरकी करून गाडीकडे बघत राहिली. "कशाला? लाल मिरचीला हिरवा देठ शोभतोच की."

"कंपनीचा रंग चंदेरी आहे!"

"मग कंपनीलाच बसवा शेजारी."

तीन चंदेरी चाकं चक्रमकडे टुकुटुकु बघत होती. त्याने एक लांब उसासा सोडला, त्यांच्याकडे पाठ केली आणि पोपटी डबा ढवळायला घेतला.

दुसऱ्या दिवशी चारही चाकं चढली. बायको पदर सावरत, वाकत, हुश्श करत आत शिरली. तेवढ्यात तिने बाहेर हात काढून चाकाला बोट लावलं.

"अहो, हे अजून ओलं आहे. वाळू द्यायचं ना?"

"धूळ बसली तर बसू दे," चक्रम घाईघाईने म्हणाला. "तू आधी दार लाव."