निम्मा जोर

माझ्या थोरल्या चुलत्याचा मला अजून राग येतो. माणूस केव्हाच मातीत गेला, तरी येतो. सख्ख्या भावाची मान पिरगाळायची आणि वर गावात मिशीला तूप लावून हिंडायचं, हा त्याचा धंदा. आता त्या मान पिरगाळण्यात माझाही हात होता, हे मी कुणाला सांगत नसे. आज सांगतो.

तेव्हा निझामाचं राज्य होतं. आमचं गाव उमरग्यापासून दीड कोसावर. मी उमरग्याच्या शाळेत शिकायचो, सगळं उर्दूतून. गावात विहीर एक आणि तिच्यात हिस्से दोन, निम्मा वडिलांचा, निम्मा चुलत्याचा. मोट सामाईक, बैल ज्याचे त्याचे. त्या वर्षी गुरांवर बुळकांडीचा रोग आला आणि आमच्या जोडीतला एक बैल चार दिवसांत आडवा झाला. रानात मिरची फुलावर आलेली. भरलेली मोट एका बैलाला ओढवत नाही. वडिलांना आम्ही आण्णा म्हणायचो. आण्णा चुलत्याकडं बैल मागायला गेले.

चुलता बाजेवर बसून पान खात होता. म्हणाला, "देतो की. विहिरीतला हिस्सा माझ्या नावावर कर, पायजे तेव्हा जोडी ने."

"दादा, पंधरा दिसांचं पाणी मागतोय म्या. विहीर न्हाय देणार," आण्णा म्हणाले.

"मग मिरचीला तोंडानं पाणी पाज."

असा हा भाऊ! आण्णा घरी आले आणि जेवले नाहीत. हिस्सा द्यावा तर जन्मभर कोरडवाहू, न द्यावा तर मिरची वाळते. दोन्हीकडून मरण.

आणि नेमकं त्याच आठवड्यात मास्तरांनी शाळेत चरखी, म्हणजे कप्पी, शिकवली. हा मास्तर म्हणजे एक नंबरचा खडूस. फळ्याकडं तोंड करून बोलायचा आणि कुणी काही विचारलं की छडी दाखवायचा. त्या दिवशी त्यानं फळ्यावर दोन चरख्या काढल्या. एक वर आढ्याला पक्की बांधलेली. तिनं दोराची दिशा बदलते, जोर तेवढाच लागतो. दुसरी ओझ्यालाच अडकवलेली, ओझ्याबरोबर वर येणारी. दोराचं एक टोक आढ्याला बांधायचं, मधला दोर ओझ्याच्या चरखीखालून घ्यायचा, दुसरं टोक ओढायचं. "आधा वजन छत उठाती, आधा तुम. आधी कुव्वत बस," मास्तर म्हणाला.

माझ्या अंगावर काटा आला. निम्मा जोर म्हणजे एक बैल! जुमेरातचा दिवस, अर्धी शाळा, दुसऱ्या दिवशी शुक्रवारची सुट्टी. धडा अजून चालूच होता. मी पोट दुखतंय म्हणून थाप मारली आणि सुटलो तो गावाकडं पळतच.

पडक्या विहिरीवरचं एक जुनं चाक मी घासूनपुसून आणलं. मोटेच्या कडीला अडकवलं. नाडा, म्हणजे मोटेचा तो जाड दोर, पुरेना. तो दुपटीनं लांब लागला, म्हणून दुसरा नाडा गाठ मारून जोडला. आण्णा गाठीकडं बघत होते. म्हणाले, "एवढा लांब नाडा कशाला लागतुया रं? मग बैल..."

"तुमाला शाळेतलं कळायचं न्हाय, आण्णा," मी म्हणालो. बापाला तोंडावर असं म्हणालो मी! आणि तेवढ्यावर थांबलो असतो तरी बरं. चुलत्याच्या दारासमोर उभा राहून ओरडलो, "काका, तुमची जोडी तुमालाच लखलाभ. आमाला एक बैल बास हाय!"

सकाळी बैल जुंपला. मोट भरली, आण्णा विहिरीच्या काठावर, मी बैलामागं. बैल उतारावरून निघाला आणि काय सांगू, नाडा ताणला गेला, पण बैलाला जड जाईना! एकटं जनावर आरामात चालत होतं. चाक करकरत होतं, मोट पाण्याबाहेर निघाली होती. मी नाचायचाच बाकी होतो.

तेवढ्यात उतार संपला.

मोटेची धाव, म्हणजे बैल चालतो तो उतार, विहीर जेवढी खोल तेवढीच लांब असते. बैल धावेच्या टोकाला पोचला की मोट वर यायची, ही पिढ्यान् पिढ्यांची रीत. आमचा बैल टोकाला पोचला आणि मोट विहिरीत निम्म्यावरच लोंबकळत राहिली. पुढं चुलत्याचं रान. त्याच्या हद्दीवर बाभळीच्या काट्यांचं कुंपण, आणि कुंपणापलीकडं चुलता, हाताची घडी घालून.

"अजून तेवढंच चालायला पायजे न्हवं का, अकलेच्या कांद्या?" तो खदाखदा हसला. "काढतो की कुंपण. आधी तुझ्या बापाला पटवाऱ्याकडं घेऊन चल."

आण्णा काठावरून ओरडले, "बैल मागं घे! मागं घे त्याला!"

मी घेतला नाही. माझं डोकं फिरलं होतं. त्या हसण्यानं फिरलं. मी बैलाला काट्यांत घालायला निघालो. आसूड ओढला, पुन्हा ओढला. ते मुकं जनावर काट्यापुढं अडून थरथरत होतं आणि मी मारत होतो. शेवटी त्यानं जीव खाऊन हिसका दिला आणि गाठ सुटली. मोट धाडकन विहिरीत गेली. बैल तोंडावर कुंपणात कोसळला. पुढचा पाय दगडात मोडला. त्याचा तो आवाज मी अजून ऐकतो.

आण्णा धावत आले. मला वाटलं, आता मारतील. मारलं असतं तर बरं झालं असतं. त्यांनी बैलाचं डोकं मांडीवर घेतलं आणि काटे उपटत बसले.

दुसऱ्या दिवशी पटवाऱ्याच्या कागदावर त्यांनी अंगठा उठवला. चुलत्याच्या जोडीनं मिरची जगली, तोडून झाली, आणि विहीर गेली.

शाळेत मास्तराला मी विचारलं, निम्म्या जोरात मोट वर का आली नाही? तो म्हणाला, "आधी कुव्वत, तो दुगना फासला. बाद में वही तो पढ़ाया. तू किधर था?" जोर निम्मा, तर अंतर दुप्पट. काम तेवढंच. दोन ओळींचा धडा होता तो, आणि मी एका ओळीवर पळालो होतो. तरी हलकटानं पहिली ओळ एवढा वेळ कशाला घोळवली, असंच मला त्या क्षणी वाटलं.

वार्षिक परीक्षेत चरखीचाच सवाल आला. मी आकृतीसकट लिहिला. पैकीच्या पैकी मार्क पडले, आणि सगळ्या विषयांत जास्त मार्कही विज्ञानातच.

निकाल घेऊन आलो तेव्हा आण्णा चुलत्याच्या बैलांमागं, चुलत्याच्या विहिरीवर, रोजानं मोट हाकत होते. मला बघून त्यांनी बैल थांबवले, घाम पुसला.

"पास झालास?"

"व्हय."

त्यांचं तोंड उजळलं. "कशात जास्त पडले रं?"

"उर्दूत," मी म्हणालो.