गुरुवारच्या भजनातला हेल

टेक्सासमध्ये शुगर लँडला आलो तेव्हा आमच्या जुन्या गाडीच्या रेडिओवर एकच स्टेशन लागायचं, आणि त्यावर सारखं एक कंट्री, म्हणजे इथलं गावरान ढंगाचं, गाणं. तेव्हाही ते जुनंच होतं. एका ट्रकवाल्याची बायको घर सोडून जाते, पाठोपाठ कुत्राही जातो. तो देवाला विनवतो: बायको गेली ती गेली, कुत्रा तेवढा परत धाड. शेवटी तो स्वतःच कुत्र्यासारखा हेल काढतो. गाणं कसं जन्मलं, याची आमच्या ह्यांची स्वतःची एक कथा होती. म्हणे कुणा ड्रायव्हरनं पंक्चर काढून होईपर्यंत पेट्रोल पंपावर बसून रचलं. पुरावा मागितला तर म्हणायचे, "चाल ऐक ना! कशी रुसून बसल्यासारखी जाते!"

गुरुवारच्या भजनात प्रत्येकानं एकेक म्हणायचं, असा नियम. ह्यांना एकही भजन येत नव्हतं. पाळी आली तेव्हा ह्यांनी डोळे मिटून तेच गाणं सुरू केलं. देवाचा धावा आहे म्हटल्यावर पेटीवाल्या काकूंनी सूर धरला, झांजा वाजल्या. हेलाच्या जागी तबला थांबला, आणि ह्यांनी असा काही हेल काढला की माझ्या हातून प्रसादाचा शिरा सांडला. पुढच्या गुरुवारी फर्माईश झाली. मग आरतीआधी ते सगळ्यांनी म्हणायचं ठरूनच गेलं. डॅलसला राहायला गेलेल्यांनी तिकडच्या भजनातही नेलं.

मुलगी म्हणायची, "बाबा, धिस इज नॉट अ भजन."

"का? देव आहे, विरह आहे, टाळ आहेत. आणखी काय हवं?"

हे गेल्यानंतरचं पहिलं भजन आमच्याच घरी झालं. मला एकच धास्ती होती. आमच्या भजनात तो हेल फक्त हेच काढत. तिथे गाणं अडलं, की माझ्याकडे बघून लोक ते हळूच गाळून टाकतील. इतकी वर्षं टिकलेलं गाणं माझ्या दिवाणखान्यात संपेल. आणि मी तर कधी टाळही हातात घेतले नव्हते. कोपऱ्यात पुस्तक घेऊन बसायची.

ती जागा आली. तबला थांबला. सगळ्यांनी माना खाली घातल्या.

मी मांडीवरचं पुस्तक बाजूला ठेवलं आणि हेल काढला.

कुंपणापलीकडून शेजाऱ्यांच्या कुत्र्यानं साथ दिली. मी थांबले, तो थांबेना. कोणीतरी फिसकन हसलं, मग मीही.

पेटीवाल्या काकूंनी भाता सोडला नव्हता. "वहिनी, भाऊंची पट्टी काळी एक. तुमची काळी चार निघाली," त्या म्हणाल्या. "पुढच्या गुरुवारी तिथूनच धरते."