कागदाशिवाय पियानो

चहा ओता. हसणार नसाल तरच सांगतो. अर्थात हसणारच आहात, ठाऊक आहे मला. बातमीदारीत केस पिकले, पुढाऱ्यांशी भांडलो, अधिकाऱ्यांशी भांडलो, आणि थकलो कशानं? तर एका पियानोनं!

इंग्रज जाऊन सात-आठ वर्षं झाली होती, पण वर्ध्याच्या क्लबात त्यांचा पियानो राहून गेला होता. तिथल्या एका कार्यक्रमात ठोंबरे वकिलांनी समोर कागद लावून एक विलायती गत वाजवली. मी आमच्या साप्ताहिकात ठणकावून लिहिलं, ‘कागद पाहून वाजवतो तो कलावंत नव्हे, नक्कलनवीस!’

अंक निघाला त्याच सकाळी वकील आमच्या कचेरीत हजर.

“काऊन जी रिपोर्टर, मी नक्कलनवीस का? मंग क्लबाच्या पुढच्या कार्यक्रमात तेच गत तुमी कागदाबिगर वाजवून दाखवा. नाई जमलं तं पहिल्या पानावर माफी मागा!”

“मागतो!” मी गरजलो.

संपादकांनी कपाळाला हात लावला. आमच्या पत्रानं तोवर कुणाचीच माफी मागितली नव्हती. आणि मी? मी पियानोला कधी बोटसुद्धा लावलं नव्हतं!

गेलो मार्थाबाईंकडे. मिशनच्या शाळेत त्यांनी जन्मभर संगीत शिकवलं होतं. त्यांनी पेटी पुढे ओढली.

“डोळे मिटा भाऊ. हा सूर ऐका. आता गा.”

मी गायलो. शेजारच्या बाईनं खिडकी लावून घेतली.

मग दोन सूर. वरचा कोणता, खालचा कोणता? मग वकिलांच्या त्या गतीचा एक तुकडा. तो दिवसभर गुणगुणायचा, पक्का झाला की पुढचा. भर मे महिना, कावळे चोची उघडून बसलेले, आणि मी सायकलवर विलायती गत घोळवतोय! छापखान्यात म्हणालो, “आज मशीन अर्ध्या सुरानं उतरलीय.”

कंपोझिटर म्हणाला, “साहेब, ऊन लागलं का तुमाले?”

पण गत पाठ झाली हो! मग दुपारी क्लबात एकटाच जाऊन पियानोवर जागा शोधू लागलो. तोंडानं सूर धरायचा आणि तोच वाजेल ती पट्टी हुडकायची. मार्थाबाईंनी बजावलं, “गत कानात ठेवजा भाऊ, बोटात नको.” मी मान हलवली. आमच्या धंद्यात मान हलवली म्हणजे ऐकलं असं थोडंच असतं?

एक मात्र चमत्कारिक होतं. सूर वर चढायचा आणि माझं बोट मागं यायचं! नीट पाहिलं तर उन्हानं तारा इतक्या सैल झालेल्या, की एक पट्टी दाबावी आणि शेजारणीनं ओ द्यावी! मी त्या वाकड्या जागाच पाठ केल्या. पण गप्प बसेन तर बातमीदार कसला? माझं रक्त उसळलं. ‘क्लबाचा पियानो की फुटकं पिंप? पदाधिकारी झोपले काय?’ अख्खा रकाना झोडला, आणि विसरून गेलो.

कार्यक्रमाच्या दिवशी सभागृह खच्चून भरलं होतं. मी ऐटीत डोळे मिटले आणि सुरुवात केली.

पहिलाच सूर परका! दुसरा म्हणजे मांजरीच्या शेपटीवर पाय! कान ओरडतोय, ‘हे नव्हे, हे नव्हे!’ आणि बोटं आपली पाठ केलेल्या वाटेनं सुसाट!

पहिल्या रांगेतून मार्थाबाई ओरडल्या, “थांबा भाऊ! कान कुठी गेले तुमचे?”

वकील रुमालात तोंड खुपसून हलत होते. मी ताडकन उठलो. “पियानोला कुणी हात लावला? हा कट आहे! याची चौकशी झाली पाहिजे!”

क्लबाचे सेक्रेटरी बिचारे हात जोडून उभे राहिले. “तुमीच तं लिवलं होतं जी! तुमची बातमी वाचून आमाले लाज वाटली. नागपूरवरून माणूस बोलावला. कालच सारा पियानो सुरात लावून गेला तो.”

माफी पहिल्याच पानावर छापली. मजकूर मीच लिहिला, दुसरं कोण लिहिणार? आणि तिच्या शेजारी, तिच्याहून जाड टाइपात, संपादकांनी स्वतः एक चौकट टाकली:

‘आमच्या वार्ताहराच्या लेखणीचा विजय! क्लबाचा पियानो दुरुस्त!’