दोन मात्रांची वाट

आपलं दुकान चालू नये म्हणून इतक्या निष्ठेनं झटणारा दुसरा दुकानदार मी पाहिलेला नाही. काका मूळचे अलिबागकडचे बेने इस्राएल, म्हणजे घरात मराठी बोलणारे ज्यू. रॉटरडॅमला त्यांचं स्वरलिपीच्या पुस्तकांचं दुकान होतं आणि मागच्या खोलीत स्वतःचं प्रकाशन. नवऱ्याच्या नोकरीमागून मी इथे आले, तेव्हा मुलीसाठी बासरीचं पुस्तक घ्यायला आत शिरले. "आधी काहीतरी गाऊन दाखव," काका तिला डचमध्ये म्हणाले. ती लाजली. "मग पुस्तक नाही," असं ते स्वतःशीच मराठीत पुटपुटले, आणि मी जी चकित होऊन खुर्चीवर बसले ती पुढे दर आठवड्याला बसत राहिले. सगळं शहर खरेदीला निघतं त्या शनिवारी काकांचं दुकान बंद. "आम्ही शनवार तेली! बापजाद्यांनी शनिवारी तेलाचा घाणा थांबवला, मी काय कुलूप लावू नको?" करोनात सरकारनं सगळीच दुकानं बंद केली तेव्हा ते खूश झाले. "बघ, अखेर सगळा देश शनिवार पाळायला लागला."

पुस्तकं लावायची त्यांची तऱ्हाही न्यारी. संगीतकारांची नावं गेली खड्ड्यात. गायला माणसं किती लागतात, त्यावर फळी ठरे. एकट्याचं खाली, समूहगान थेट छताजवळ. एकदा कुणी टाय लावलेले अधिकारी येऊन वारशाच्या जतनावर बराच वेळ बोलले. काकांनी त्यांना शिडी देऊन वरच्या फळीवरची धूळ पुसायला लावली.

त्या धुळीशेजारी एक जागा रिकामी होती. आईची मराठी कीर्तनं काकांना छापायची होती. ज्यूंच्या दाऊद राजाची कथा, चाल मात्र अस्सल कोकणी. सगळी उतरवून झाली होती, एक सोडून. त्या एकाची चाल आता फक्त इस्राएलमधल्या थोरल्या बहिणीला, अक्कांना, येत होती. त्या नव्वदीच्या, आणि विमानं बंद. फोन लावला तर अक्कांनी ठणकावलं, "ओळीमागून झील धरायला कुणी नसेल तर मी गायची नाही. मी काय रेडिओ आहे?"

म्हणून दुकानात दीड मीटर अंतरावर, मास्क लावून, काका आणि मी असे दोघं झीलकरी. नेटवरून आमचा आवाज तिकडे उशिरा पोचे. अक्का ओळ संपवून थांबत, झील आली की पुढे जात. काका भराभर लिहीत होते. शेवटी अक्का म्हणाल्या, "लहानपणापासून उशीरच करतोस रे."

हिवाळ्यात अक्का गेल्या. काकांना जाता आलं नाही.

मुद्रितं तपासताना मला दिसलं, प्रत्येक ओळीनंतर दोन मात्रांची विश्रांती. "काका, ही चाल नाही. हा नेटचा घोळ आहे." कधीही न चुकणाऱ्या काकांनी खोडरबर उचलला, बराच वेळ हातात धरला आणि खाली ठेवला. "एवढा वेळ ती माझी वाट बघत होती. हे कसं खोडू?"

निर्बंध उठल्यावर आम्ही पाच-सहा जण दुकानात ते कीर्तन गायला जमलो. ओळ संपली, दोन मात्रा सगळे गप्प. मग झील अगदी नेमकी पडली. काकांनी पान उलटलं.

"या वेळी वेळेवर आलो," ते हळूच म्हणाले.